नव्या शहरात मंडळी शोधताना: पहिल्या रविवारपासून घरातल्या प्रार्थनासभेपर्यंत

गावाकडे मंडळी, म्हणजे आपले चर्च, शोधावी लागत नाही. आजोबांचे नाव रजिस्टरात असते, बाप्तिस्मा तिथेच झालेला असतो, आणि रविवारी घंटा वाजली की पाय आपोआप देवळाकडे वळतात. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला आले की हे सगळे एकदम तुटते. मी नगर जिल्ह्यातून पिंपरी-चिंचवडला आलो तेव्हा आमच्या गावाकडची कितीतरी तरुण मुले वर्षानुवर्षे मोबाइलवर उपासना बघत खोलीत बसलेली पाहिली. विश्वास होता, पण सहभागिता नव्हती. आजारपण, लग्न, मृत्यू असे काही आले की मग धावाधाव व्हायची.

म्हणून हा लेख. कुठून सुरुवात करायची, कोणते कागद लागतात, घरी प्रार्थना ठेवायची तर काय सांभाळायचे, हे सगळे क्रमाने लिहितो. माझा अनुभव प्रामुख्याने प्रोटेस्टंट मंडळ्यांचा आहे. कॅथलिक पद्धत जिथे वेगळी आहे तिथे तसे सांगितले आहे.

१. निघण्याआधी मूळ मंडळीकडून कागद घ्या

निघण्याआधी, नाहीतर सुटीत गावी जाल तेव्हा, पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) आधी फोन करून भेटा. त्यांच्याकडून हे घ्या:

– बाप्तिस्म्याचा दाखला. त्यावर रजिस्टरमधला क्रमांक, तारीख, पाळकांची सही आणि मंडळीचा शिक्का हवा.
– दृढीकरण (कन्फर्मेशन, बाप्तिस्म्यानंतर विश्वास स्वतः पक्का करण्याचा विधी) झाले असेल तर त्याचा दाखला.
– सभासदत्वाचे बदलीपत्र. तुम्ही या मंडळीचे सभासद आहात आणि प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस) घेता, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे.
– लग्न झाले असेल तर विवाहाचा दाखला. मुलांचे बाप्तिस्मे झाले असतील तर त्यांचेही दाखले.

सोबत आधार, भाडेकराराची प्रत आणि फोटो ठेवा.

इथली नेहमीची अडचण नावाची. रजिस्टरात ‘बाळू’, शाळेच्या दाखल्यावर ‘बाळासाहेब’ आणि घरी हाक ‘सॅम्युअल’, असे आपल्याकडे सर्रास असते. लग्नाच्या वेळी यावरून फार ताण होतो. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे पाळकांकडून मंडळीच्या लेटरहेडवर आत्ताच लिहून घ्या. जुनी रजिस्टरे हाताने लिहिलेली असतात, काहींची पाने सुटलेली असतात. स्वतः समोर बसून नोंद शोधा आणि त्या पानाचा फोटो काढायची परवानगी मागा.

२. कोणती मंडळी, ते ठरवा

गुगल मॅपवर ‘चर्च’ टाकले की पन्नास नावे येतात आणि माणूस गोंधळतो. आधी स्वतःची परंपरा ओळखा. तुमच्या गावच्या मंडळीचे पूर्ण नाव विचारा, त्यावरून निम्मे काम होते.

१९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रेगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रदरन अशा निरनिराळ्या परंपरांच्या बऱ्याच मंडळ्या त्या वेळी एकत्र आल्या. आपण ज्याला ‘सीएनआय’ म्हणतो ती हीच. महाराष्ट्रात तिचे मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर असे धर्मप्रांत (डायोसिस) आहेत. तुमची मंडळी सीएनआयची असेल तर नव्या शहरातल्या डायोसिस ऑफिसला फोन करून ‘माझ्या जवळ मराठी उपासना कुठे आहे’ एवढेच विचारा. नेमके उत्तर तिथेच मिळते. अमेरिकन मिशनातून आलेल्या मेथोडिस्ट मंडळ्या या एकीकरणात आल्या नाहीत, त्यांची व्यवस्था वेगळी आहे. मुक्तिफौजेचे (साल्व्हेशन आर्मीचे) लोक आपल्या कोअरची, म्हणजे स्थानिक मंडळीची, चौकशी करतात. सेव्हन्थ-डे मंडळ्यांची उपासना शनिवारी असते.

पुण्यात मराठी उपासनेसाठी गुरुवार पेठेतले पवित्र नाम देवालय जुने आणि माहितीचे. लोक त्याला पंचहौद चर्च म्हणतात. कोल्हापुरात वाइल्डर मेमोरियल, नाशकात शरणपूर, नगरात ह्यूम मेमोरियल ही नावे कोणीही सांगेल. कॅथलिक असाल तर तुम्ही राहता तो भाग कोणत्या पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीत) येतो हे आधी बघा, कारण तिथे पत्त्यावरून पॅरिश ठरते. वसईत मराठी मिस्सा (कॅथलिक उपासना) सगळीकडे मिळते. मुंबईत इंग्रजी, कोकणी, तमिळ, मराठी अशा वेगवेगळ्या वेळा असतात, त्यांचा तक्ता चर्चच्या फाटकावर लावलेला असतो.

भाषेबद्दल माझे मत ठाम आहे. इंग्रजी उपासना कितीही आवडली तरी आईवडील बरोबर राहत असतील तर मराठी मंडळीच धरा. म्हाताऱ्या माणसाला आपल्या भाषेत प्रार्थना करता आली नाही तर ते माणूस चर्चमध्ये असूनही एकटे पडते.

एक सावधगिरी सांगतो. नव्या, छोट्या मंडळ्यांत प्रेमळ आणि प्रामाणिक लोक पुष्कळ आहेत. पण जिथे पाळकांना कोणी प्रश्न विचारू शकत नाही, हिशेब कोणाला दाखवला जात नाही, ‘बाकी सगळ्या मंडळ्या मेलेल्या आहेत’ असे व्यासपीठावरून सांगितले जाते किंवा आजारी माणसाला औषध बंद करायला लावतात, तिथे थांबू नका. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करावी. गोळी मात्र डॉक्टर सांगेल तेव्हाच बंद करावी.

३. पहिला रविवार

वेळ फोन करून पक्की करा. उन्हाळ्यात बऱ्याच मंडळ्या वेळ बदलतात आणि मॅपवर जुनीच राहते. पंधरा मिनिटे आधी पोहोचा.

गावाकडच्या मंडळीत दाराशी चपला काढून सतरंजीवर बसतात, बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला. शहरात बहुतेक ठिकाणी बाके असतात, कुटुंबे एकत्र बसतात आणि चपला पायातच असतात. दारात क्षणभर थांबून लोक काय करतात ते बघा, तसेच करा. डोक्यावर पदर किंवा ओढणी घेण्याची पद्धत मंडळीगणिक वेगळी आहे. ओढणी जवळ असली की अडत नाही.

बायबल आणि ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक बरोबर न्या. पुढे भिंतीवर लाकडी फळी असते, तिच्यात आकड्यांच्या पट्ट्या खोचलेल्या असतात. ते त्या दिवसाच्या गीतांचे क्रमांक. बसल्या बसल्या ती पाने शोधून खुणेचे कागद घालून ठेवा, म्हणजे पेटीचा सूर निघाला की पाने चाळायला नकोत. ना. वा. टिळकांची भजने असली की तबला आणि झांज येते, आवाज चढतो. चाल वेगळी वाटली तर पहिले कडवे ऐका आणि दुसऱ्यापासून सामील व्हा. गावोगावी चाली बदलतात, त्यात संकोच कशाला?

उपदेशाआधी किंवा नंतर सूचना होतात आणि ‘आज कोणी नवीन आले असतील तर उभे राहावे’ असे म्हणतात. कित्येक जण इथेच मान खाली घालतात. उभे राहा. नाव, गाव, मूळ मंडळी, काय काम करता, कुठे राहता, एवढे बोला आणि शेवटी ‘जय ख्रिस्त’ म्हणून बसा. या दोन वाक्यांचा फायदा उपासना संपल्यावर कळतो. ‘अरे, तू अमक्याचा भाचा का?’ म्हणत कोणीतरी येतेच. आपल्या समाजात नाते चार प्रश्नांत निघते.

प्रभुभोजनाचे मात्र आधी विचारून घ्या. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. काही ठिकाणी दुसऱ्या मंडळीच्या दृढीकरण झालेल्या सभासदाला देतात, काही ठिकाणी आधी पत्र बघतात. कॅथलिक मिस्सेत कम्युनियन (प्रभुभोजन) कॅथलिकांसाठीच असते. तिथे पाहुणे म्हणून गेलात तर जागेवर बसून प्रार्थना करा, कोणी वाईट मानत नाही.

उपासना संपली की पाळक दाराशी हस्तांदोलनाला उभे असतात. मागे रांग असते, त्यामुळे तिथे लांबण लावू नका. ‘मी नवीन आलोय, आठवड्यात भेटायला येऊ का?’ एवढे विचारून वेळ घ्या.

४. नाव नोंदवा

दोन-तीन मंडळ्या बघून झाल्या की एक धरा. दर रविवारी वेगळीकडे जाणारा माणूस सगळीकडे पाहुणाच राहतो.

बदलीपत्र आणि दाखल्यांच्या प्रती घेऊन पाळकांना भेटा. अर्ज पास्टोरेट कमिटीपुढे (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीपुढे) जातो आणि मंजूर झाला की रजिस्टरात नोंद होते. नव्या सभासदाला मतदानाचा हक्क किती काळाने मिळतो, वर्गणी किती, हे तिथेच विचारा. पोचपावती घ्या.

ही नोंद का महत्त्वाची? मुलाचा बाप्तिस्मा, दृढीकरणाचा वर्ग, लग्न, सगळे तिच्यावर चालते. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न लावायचे तर वधूवरांपैकी किमान एक जण ख्रिस्ती असावा लागतो. मंडळीत लग्नाच्या सूचना रविवारी वाचल्या जातात. एक पक्ष दुसऱ्या मंडळीचा असेल तर तिकडून अविवाहित असल्याचे पत्र मागतात. लग्न लावणाऱ्या पाळकांकडे परवाना आहे का, हेही विचारावे. नसेल तर पुढे पासपोर्टच्या वेळी दाखल्यावरून अडचण येते.

आणि दफनभूमी. हा विषय कोणी काढत नाही, म्हणून मी मुद्दाम काढतो. शहरात दफनभूमीत जागा कमी आहे. काही दफनभूम्या ठरावीक मंडळ्यांच्या ताब्यात आहेत आणि तिथे सभासद असल्याचे पाळकांचे पत्र लागते. घरात म्हातारी माणसे असतील तर नाव नोंदवतानाच विचारून ठेवा: आपल्या मंडळीची माणसे कुठे पुरतात, किल्ली कोणाकडे असते, कबर खणणाऱ्याला कोण बोलावते, रात्री कोणाला फोन करायचा. हे चार नंबर कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

५. घरी प्रार्थनासभा

मंडळीत रुळलात की आठवड्यातल्या सभेची वेळ येते. शहरात अंतरे मोठी असल्यामुळे भागाभागांत घरसभा होतात आणि खरी जवळीक तिथेच जमते. कोणाची नोकरी गेली, कोणाच्या बाळाला ताप आहे, हे रविवारी दोनशे माणसांत कळत नाही. गुरुवारी बारा माणसांत कळते.

राज्यघटनेचे कलम २५ धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. स्वतःच्या घरी मित्र-नातेवाइकांनी जमून प्रार्थना करणे या हक्कात बसते. पण घराचे रोजचे सार्वजनिक उपासनास्थळ केले, फलक लावला, मांडव घातला, की जागेचा वापर बदलतो आणि महापालिकेपासून पोलिसांपर्यंत परवानग्यांचा प्रश्न येतो. ही सीमा ओळखा.

आता आपल्या हातात काय आहे ते बघू.

भाड्याचे घर असेल तर घरमालकांना आधी सांगा: ‘काका, गुरुवारी संध्याकाळी सात ते आठ आमची प्रार्थना असते, दहा-बारा माणसे येतील.’ लपवून ठेवले आणि नंतर कळले तर संशय येतो, आधी सांगितले तर बहुतेक वेळा ‘बरं’ एवढेच उत्तर मिळते. सोसायटीच्या चेअरमनला, वरच्या-खालच्या आणि शेजारच्या घराला स्वतः जाऊन सांगा. नाताळात त्यांच्याकडे करंज्या-केकचे ताट जाऊ द्या, दिवाळीचा फराळ आपल्याकडे येऊ द्या. जे घर शेजाऱ्याला आतून माहीत आहे, त्याच्याबद्दल अफवा टिकत नाही.

शेजाऱ्यांची पहिली तक्रार गाण्याची असते असे सगळ्यांना वाटते. माझ्या पाहण्यात ती चपलांची असते. बारा माणसांच्या चपला जिन्यात पसरल्या की वरच्या मजल्यावरच्या आजींना पाय ठेवायला जागा राहत नाही. चपला घरात आत घ्या, दाराशी जुनी चादर अंथरा. दुसरी तक्रार गाड्यांची. कोणाच्या पार्किंगमध्ये गाडी लावायची नाही, हे प्रत्येक वेळी निरोपातच लिहा. गाणे त्यानंतर येते. खोलीत माइक-स्पीकर लावूच नका, पेटी आणि टाळ्या पुरतात. खिडक्या लावून घ्या.

सभा एका तासाची ठेवा. दोन गीते, प्रार्थना, शास्त्रवाचन, त्यावर थोडक्यात मनन, एक-दोन साक्षी (स्वतःचा विश्वासाचा अनुभव), प्रार्थनाविषय, शेवटी प्रभूची प्रार्थना आणि चहा. वाचन दर वेळी वेगळ्या माणसाला द्या. ज्याला वाचता येत नाही त्याला पाठ असलेले स्तोत्र म्हणायला सांगा. तेविसावे स्तोत्र बहुतेक आज्यांना तोंडपाठ असते आणि त्या ते आपल्यापेक्षा चांगले म्हणतात. चहाबरोबर फार पदार्थ करू नका. एका घरी पोहे झाले की पुढच्या घरी वडे होतात, आणि ज्याला परवडत नाही तो आपल्या घरी सभा मागायचेच सोडतो. चहा-बिस्किटाचा नियम सुरुवातीलाच करा.

प्रार्थनाविषय घराबाहेर जाऊ नयेत. कोणाचे आजारपण, नवरा-बायकोतला ताण व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला तर ते माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. मुलांचे फोटोही त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय टाकू नका.

घरसभा आपल्या मंडळीला कळवूनच घ्या. पाळकांच्या वहीत तिची नोंद असली की उद्या कोणी विचारले तर ‘ही आमच्या मंडळीची सभा आहे’ असे सांगणारे कोणीतरी मागे असते.

६. कोणी हरकत घेतली तर

दार उघडा आणि शांतपणे बोला. एकच माणूस बोलेल, बाकीचे बसून राहतील, हे आधीच ठरवून ठेवा. नाव, मंडळी, किती माणसे, किती वेळ, एवढे सांगा. धर्मावर वाद घालू नका. दमदाटी होऊ लागली तर ११२ वर फोन करा आणि पाळकांना कळवा. शांतपणे चाललेल्या धार्मिक सभेत मुद्दाम व्यत्यय आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०० खाली गुन्हा आहे. पोलिस आले तर त्यांना सहकार्य करा, ओळखपत्र दाखवा. काही लिहून मागितले तर वाचल्याशिवाय सही करू नका आणि प्रत मागून घ्या. घटनेची वेळ, कोण होते, काय बोलले, हे त्याच रात्री कागदावर उतरवा. पोलिसांनी दखल घेतली नाही तर राज्य अल्पसंख्याक आयोगाकडे लेखी अर्ज करता येतो, तेव्हा हाच कागद कामी येतो.

७. रस्त्यावरची उपासना: झावळ्यांचा रविवार, कॅरल, ईस्टरची पहाट

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक निघते. मिरवणुकीसाठी मंडळीच्या लेटरहेडवर पोलिस ठाण्यात अर्ज द्यावा लागतो. मार्ग, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, अंदाजे संख्या, दोन जबाबदार माणसांची नावे आणि मोबाइल, एवढे त्यात हवे. सणाच्या तीन-चार आठवडे आधी द्या, शिक्का मारलेली प्रत घ्या आणि मिरवणुकीत ती खिशात ठेवा. शहरांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश वरचेवर निघतात, त्यामुळे आदल्या दिवशी ठाण्यात पुन्हा विचारा.

ध्वनिवर्धकाला २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लेखी परवानगी लागते आणि उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ तो बंद ठेवावा लागतो. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. नाताळच्या मध्यरात्रीच्या उपासनेसाठी त्या वर्षीची जिल्ह्याची यादी बघा. ईस्टरची पहाटेची सभा बहुधा सहाच्या आत सुरू होते, ती बिनमाइकची घ्या. पहाटे पाचला उघड्यावर, हातात मेणबत्त्या घेऊन चारशे माणसे एका आवाजात गातात तेव्हा माइकची उणीव भासत नाही.

कॅरलला, म्हणजे नाताळची गाणी गात घरोघरी, निघाल तर घरांची यादी आधी करा, त्या सोसायट्यांना फोन करा आणि दहाच्या आत संपवा. लहान मुलांच्या गटात दोन आया हव्यातच.

गुड फ्रायडे आणि नाताळ या सार्वजनिक सुट्या आहेत, पण खासगी कंपनीची यादी वेगळी असू शकते. गुड फ्रायडेची उपासना बऱ्याच ठिकाणी बारा ते तीन असते, त्यामुळे अर्धी रजा पुरत नाही. रजेचा अर्ज फेब्रुवारीतच टाका.

८. पैशांचे

अर्पण, दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग), हंगामाच्या सणाच्या लिलावाची रक्कम, जे काही द्याल ते मंडळीच्या नावाच्या खात्यात किंवा पावती घेऊन द्या. कोणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर नको. महाराष्ट्रात सार्वजनिक धार्मिक ट्रस्ट १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात, तो नोंदणी क्रमांक पावतीवर असतो. एकाच धर्मसमाजासाठी असलेल्या ट्रस्टला दिलेल्या देणगीवर ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी प्राप्तिकराची सवलत सहसा मिळत नाही, तेव्हा पाळकांशी त्यावरून हुज्जत घालू नका. घरसभेत जमलेली मदत वहीत लिहा आणि दोघांनी मोजा.

९. तुम्ही विश्वासात नवीन असाल तर

उपासनेला बसायला बाप्तिस्मा लागत नाही. कोणीही येऊन मागच्या बाकावर बसू शकते. घाई करू नका आणि कोणाला करू देऊ नका. चांगला पाळक आधी काही महिने वर्ग घेतो, प्रश्न विचारू देतो, घरच्यांशी बोललात का असे विचारतो.

बाप्तिस्म्यासाठी नाव बदलावे लागत नाही. आपल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत विठ्ठल, शांताबाई, भास्कर अशी नावे पिढ्यान्पिढ्या आहेत. सरकारी कागदांवर धर्माची नोंद बदलायची असेल तर प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली प्रसिद्धी ही वेगळी प्रक्रिया आहे.

एक गोष्ट कोणी सांगितली नाही असे व्हायला नको. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध यांखेरीज अन्य धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही. शिक्षण, नोकरी, राखीव जागेवरची निवडणूक, सगळ्यावर त्याचा परिणाम होतो. मला हा नियम अन्यायाचा वाटतो आणि त्याविरुद्ध न्यायालयात लढा चालू आहे, पण आज तो लागू आहे. निर्णय डोळे उघडे ठेवून घ्या. धर्मांतराविषयीचे राज्यांचे कायदेही बदलत असतात, त्यामुळे तारीख ठरवण्याआधी वकिलाला विचारून आगाऊ सूचना किंवा अर्ज लागतो का ते बघा. वय १८ पूर्ण असल्याचा पुरावा आणि स्वतःच्या हस्ताक्षरातला, कोणत्याही दबावाशिवाय निर्णय घेत असल्याचा अर्ज मंडळीला द्या. त्याची एक प्रत तुमच्याकडे, एक घराबाहेरच्या विश्वासू माणसाकडे ठेवा.